गोंदण राहील, असं मी सांगितलं

आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला. नुसता ओळखणारा नाही, नागपूरच्या कॉलेजात चार वर्षं काढून बी. ए. झालेला. वडील आणि आजा धानाच्या बांधीत वाकून वाकून म्हातारे झाले आणि मी चांद्याच्या सरकारी दवाखान्यात खुर्चीवर बसलो. टेबलावरच्या लाकडी पाटीवर मी रंगाऱ्याकडून ‘बी. ए.’ लिहवून घेतलं होतं. दवाखान्याचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मोठे डॉक्टर म्हणायचो, त्यांच्या दारावरच्या पाटीवरही एवढी ठळक अक्षरं नव्हती. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज वाटते ती पुढं जे सांगणार आहे त्याची.

माझं काम तसं साधं. आलेल्या माणसाचं नाव, गाव, दुखणं रजिस्टरात चढवायचं, आणि ऑपरेशन असलं तर आधी छापील कागदावर त्याचा अंगठा घ्यायचा. त्यात एक काम आपोआप माझ्याकडं आलं. माझं गाव धानोऱ्याच्या बाजूचं. अर्धं गाव आमच्यासारखं शेतकऱ्यांचं, अर्धं गोंडांचं. लहानपणी म्हशी एकत्रच चारल्या, त्यामुळं मला गोंडी समजायची आणि मोडकीतोडकी बोलताही यायची. जंगलातलं माणूस दवाखान्यात आलं की डॉक्टरांचं बोलणं माझ्या तोंडून त्याच्याकडं जायचं आणि त्याचं बोलणं माझ्याच तोंडून डॉक्टरांकडं. मधे दुसरं कुणी नाही. याचाही मला अभिमान होता.

त्या काळचा आमचा दवाखाना म्हणजे सगळ्या रोगांचा एकच दवाखाना. कॉलरा, हिवताप, सापाचं विष, अडलेली बाळंतीण, झाडावरून पडलेला माणूस, सगळे एकाच छपराखाली. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलानं फाडलेली माणसं यायची. पहाटे मोह वेचायला बाया जातात, अस्वलही तिथंच मोह खायला येतं. वाघ मानेला धरतो, अस्वल उभं राहतं आणि तोंडावर पंजा मारतं. डोळा, गाल, नाक, जे हाताला लागेल ते. अशा माणसाचं रक्त थांबवायचं, टाके घालायचे, पू धरू द्यायचा नाही आणि जखम भरली की घरी पाठवायचं. मोठे डॉक्टर म्हणायचे, जीव वाचला की दवाखान्याचं काम संपलं. मलाही ते बरोबर वाटायचं. अर्धं तोंड घेऊन घरी गेलेल्या माणसाचं पुढं काय होतं, हे लिहायला माझ्या रजिस्टरात रकानाच नव्हता.

आपला भाग मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची ही गोष्ट. राज्य बदललं होतं, छापील कागद जुनेच होते. तेव्हा नागपूरहून एक सर्जन आमच्याकडं महिन्या-दोन महिन्यांनी येऊ लागले. लढाईच्या काळात ते फौजेच्या इस्पितळात होते, जळालेल्या शिपायांची तोंडं दुरुस्त करायला तिथं शिकले होते. या विद्येला प्लास्टिक सर्जरी म्हणतात असं कळलं. प्लास्टिकच्या फण्या तेव्हा नव्यानं बाजारात आल्या होत्या. मी ग्रॅज्युएट माणूस, वॉर्डात सगळ्यांना ठासून सांगितलं की फणीच्याच मालाचं नाक करून चिकटवतात. सर्जनसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढे हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, ‘‘बाबू, माणसाचीच कातडी असते. इथली काढून तिथं लावायची.’’

त्यांनी आमच्या साध्या वॉर्डात दोन खाटा मागितल्या. मोठे डॉक्टर भडकले. माझ्यासमोरच बोलणं झालं. ते म्हणाले, ‘‘मी कॉलऱ्याची माणसं व्हरांड्यात झोपवतो, आणि तुम्ही नाकासाठी खाट मागता? तीही दीड महिना?’’ सर्जनसाहेब भांडले नाहीत. वॉर्डात एक पोर होती, चुलीत पडून भाजलेली. जखम भरली होती, पण हनुवटी छातीला चिकटून बसली होती. मान वर होत नव्हती, घास गिळता येत नव्हता. आमच्या लेखी ती बरी झाली होती, रजिस्टरात मी तसं लिहिलंही होतं. त्यांनी ती मान सोडवली, मांडीची कातडी तिथं लावली. पोरीनं मान वर करून छताकडं पाहिलं, त्या दिवशी मोठे डॉक्टर खाटेजवळ बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, एक खाट लिहा त्यांच्या नावानं. एकच.

होळीला मी गावी गेलो होतो. धानोऱ्याच्या बाजारात एक बाई डोळ्यांखाली फडकं बांधून चारोळी घेऊन बसलेली दिसली. अंगाबांध्यानं तरणी. शेजारच्या बायांचा माल उठत होता, हिच्याकडं कुणी वळत नव्हतं. एकानं तर तिच्या टोपलीजवळून जाताना धोतराचा सोगा वर धरला. मी विचारलं तर म्हणाला, महारोग हाय तिले, नाक झडलं. तिच्याबरोबर सासू होती. तिनं ते ऐकलं आणि तिथूनच ओरडली की अस्वलानं नेलं नाक, रोगानं नाई, डोळे फुटले का तुझे? आणि सुनेला म्हणाली, काढ वं फडकं, पाहू दे सगळ्याईले.

सुनेनं फडकं काढलं.

मी दवाखान्यातला माणूस. फाटलेली तोंडं रोज पाहत होतो, पण ती ताजी, रक्तानं भरलेली. भरून आल्यावर काय उरतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. नाकाच्या जागी एक भोक होतं, थेट आतलं लाल दिसत होतं. एक गाल चुरगळलेल्या कागदासारखा. आणि त्यावर दोन चांगले, मोठे, काळेभोर डोळे, माझ्याकडं बघत. मी मान फिरवली आणि तिनं ते पाहिलं.

गेल्या साली मोहाखाली हे झालं होतं. जखम आमच्याच दवाखान्यात शिवली होती. म्हणजे मीच कधीतरी तिच्या नावासमोर ‘बरी होऊन गेली’ असं लिहिलं होतं. तेव्हापासून विहिरीवर तिच्या घागरीला कुणी घागर लागू देत नव्हतं. नवरा वाईट नव्हता, पण तो गोटुलाच्या, म्हणजे गावातल्या तरण्या पोरांच्या सामाईक घराच्या, अंगणात झोपायला जायचा. सासूनं हे सगळं सांगितलं, रडत नाही, चिडून.

मला काय झालं कोण जाणे. मान फिरवल्याची भरपाई म्हणा, की चार लोकांसमोर मोठेपणा. मी मोठ्यानं म्हणालो, ‘‘माझ्या दवाखान्यात नाक करून देतात. घेऊन या तिले.’’ माझ्या दवाखान्यात, असं म्हणालो.

आठ-दहा दिवसांत त्या दोघी चांद्याला हजर. कुठं पायी, कुठं बैलबंडीनं, वैनगंगा लाकडी डोंग्यातून ओलांडून. पुढं मोटारीत बसल्या तर लोकांनी ओरडा करून उतरवलं, मग एका बांबूच्या ट्रकवर बसून आल्या. सर्जनसाहेबांची फेरी त्याच आठवड्यात होती; त्यांनी तिला उजेडात बसवून अर्धा तास पाहिलं, बोटांनी कपाळ चाचपलं. मग मला समजावून सांगितलं. गालाची कातडी कामाची उरली नाही. कपाळाची कातडी उभी उचलायची, पण पूर्ण तोडायची नाही. दोन भुवयांच्या मधे ती देठासारखी धरून ठेवायची आणि वरचा भाग खाली वळवून त्याचं नाक करायचं. देठातून रक्त येत राहतं म्हणून नाक जगतं. तीन आठवड्यांनी नाकानं आपलं रक्त धरलं की देठ तोडायचा. उघड्या कपाळावर मांडीची कातडी लावायची. साहेब म्हणाले, ही रीत आपल्याच देशातली आहे बाबू, फार जुनी, बाहेरच्यांनी आपल्याकडून नेली.

मी त्या बाईला सांगितलं. सगळं नाही. तिच्यासारखीला एवढं काय समजणार, असं मनात धरून थोडक्यात सांगितलं की कपाळाची कातडी घेतील आणि नाक होईल. तिनं कपाळावर हात ठेवला.

तिच्या कपाळावर गोंदण होतं. भुवयांच्या मधोमध चंद्रकोर आणि तिच्यावर एकावर एक चढत गेलेले पाच ठिपके. आमच्याकडं गोंडांच्या बायांत गोंदण म्हणजे नटणं नव्हे. सोनंनाणं, चांदीची सरी, सगळं मेल्यावर इथंच उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर जातं. पलीकडं गेलेली आई, आजी, सगळ्या गोंदण पाहून आपल्या लेकीला ओळखतात, असं मानतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. म्हशी चारत होतो तेव्हापासून माहीत होतं. कॉलेजात चार वर्षं ते विसरायचा प्रयत्न केला होता, एवढंच.

तिनं विचारलं, ‘‘दादा, गोंदन राह्यते ना?’’

मी म्हणालो, ‘‘राहील.’’

सासूनं पुन्हा विचारलं. ‘‘पाय बाबू. नाक नसन तं चालते तिले. साल काढलं तसं. गोंदन गेलं नाई पायजे.’’

‘‘राहील म्हटलं ना बाई,’’ मी म्हणालो आणि अंगठ्याला शाई लावली.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जनसाहेब हात धुताना मला म्हणाले, कपाळावर गोंदण आहे, त्यातलं काही नाकावर येईल, बाकीचं देठात जाईल. तिला चालेल ना? विचारलंत ना? मी म्हणालो, ‘‘चालेल साहेब.’’ नागपूरचा, फौजेतला माणूस; त्याच्यासमोर मेलेल्या आज्यांची गोष्ट काढायची आणि आपण कुठल्या गावचे ते दाखवून द्यायचं, हे माझ्यानं झालं नाही. जाऊन तिला पुन्हा विचारायला दहा पावलं लागली असती. एकाच तोंडानं मी दोघांना हो म्हणालो.

त्यांनी आधी धुतलेल्या कापडाचा तुकडा कातरून नाकाचा नमुना केला, शिंपी खिशाचा करतो तसा, आणि तो कपाळावर उलटा ठेवून निळ्या औषधानं रेघ मारली. तेवढं पाहून मी बाहेर आलो.

चौथ्या दिवशी पट्टी बदलताना सिस्टरनं मला बोलावलं, ती बाई काहीतरी म्हणतेय, समजत नाही म्हणून. मी गेलो. सांगितलेलं सगळं मला पाठ होतं, देठ, नाक, मांडीची कातडी. पण ऐकणं वेगळं आणि पाहणं वेगळं. कपाळाच्या मधे सोललेल्या फळासारखी लाल पट्टी. भुवयांच्या मधून मांसाची एक वळलेली दोरी निघून खाली उतरलेली, हत्तीच्या पिल्लाची सोंड असावी तशी, आणि तिच्या टोकाशी सुजलेला, जांभळा गोळा, त्यात रबराच्या दोन नळ्या. मी खाटेची दांडी धरली. मला वाटलं, बाजारात होती तेव्हा बरी होती. ही मी काय करून आणली?

ती म्हणत होती की आरसा द्या. सिस्टर देत नव्हती. मीही नाही म्हणालो, भरून आल्यावर पाहा म्हणालो. सासू खाटेजवळ खाली बसली होती. तिला आरशाची गरज नव्हती. ती माझ्याकडं पाहत होती. त्यानंतर मी त्या वॉर्डात जायचं टाळू लागलो. जावंच लागलं तर दुसऱ्या टोकाच्या दारानं जायचो. तीन आठवडे असे काढले.

देठ तोडायच्या आदल्या दिवशी दुपारी सर्जनसाहेब खास तेवढ्यासाठी नागपूरहून आले. नाक छान धरलं होतं. गुलाबी, गरम. मोठे डॉक्टरही वाकून पाहत होते आणि बोटानं दाबून रंग परत येतो का ते बघत होते. मी कागद घेऊन उभा. साहेब इंग्रजीत सांगत होते, मी लिहून घेत होतो. उद्या देठ दोन्हीकडून कापायचा आणि टाकून द्यायचा, जखम शिवायची. मी ‘टाकून द्यायचा’ लिहिलं आणि माझा हात थांबला. चंद्रकोर देठात होती. देठ गुंडाळला होता म्हणून दिसत नव्हती, पण तिथंच होती, खालचे दोन ठिपकेही. बादलीत जाणार होती ती. कापसाचे बोळे, रक्ताच्या पट्ट्या टाकतात त्या बादलीत. आणि भंगी ती दवाखान्यामागच्या खड्ड्यात जाळतो, हे मला रोज दिसत होतं.

सासूनं विचारलं, ‘‘काय म्हनते डाक्टर?’’

मी सांगू शकलो असतो की काही नाही. जीभ तशीच वळत होती. पण सुनेचे ते दोन डोळे माझ्यावर होते, सोंडेच्या दोन बाजूंनी. मी सांगितलं. की देठ उद्या कापून टाकतील. की चंद्रकोर त्यात आहे. की हे मला आधीपासून माहीत होतं.

मला वाटलं सासू ओरडेल, बाजारात ओरडली होती तशी. ती ओरडली नाही. ती माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, ‘‘तुले आमी आपला समजलो, बाबू. तू तं डाक्टरापेक्षाही दूरचा निंघाला.’’

डॉक्टर दोघं तोवर पुढच्या खाटेकडं गेले होते. सून उठली. लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला, तोंडावर नाही. सासूनं गठुडं उचललं आणि दोघी चालू लागल्या. सिस्टर आडवी गेली तर सासूनं तिला हातानं बाजूला केलं. मी बघत राहिलो. मला खरंच वाटत नव्हतं की कुणी असं जाईल. भर दुपारी, कपाळातून नाकापर्यंत मांसाची दोरी लोंबत असताना, फाटकाबाहेर.

मी धावलो तेव्हा त्या गावकोटाच्या जटपुरा दरवाजापर्यंत पोचल्या होत्या. रस्त्यावरची माणसं भिंतीला लागून उभी होती. एका बाईनं आपल्या लेकराचं तोंड कडेवरच दाबून धरलं होतं. टांग्याचा घोडा तेवढा शांत होता. मी आडवा झालो, हात जोडले. म्हणालो, असं गेलीस तर वाटेत पिकेल, मरशील. आजवर ती माझ्याशी गोंडीतच बोलली होती; या वेळी मराठीत बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

‘‘मेली तं गोंदन घेऊन मरन. गुंडाळलं हाय तं गुंडाळलं, माह्याजवळ तं हाय. तुमी कापून फेकून राह्यले.’’

‘‘नाही फेकणार. मी सांगतो साहेबांना. मी शब्द देतो.’’

‘‘तू नोको देऊ,’’ सासू म्हणाली. ‘‘तुहा शब्द पायला. त्याले इथी बोलाव. तो सांगन त्याच्या तोंडानं.’’

नागपूरच्या सर्जनला भर रस्त्यात बोलवायचं. मी परत गेलो, आणि चहा घेत बसलेल्या दोघा डॉक्टरांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. तिनं काय विचारलं होतं, मी काय म्हणालो होतो, तुम्ही काय विचारलं होतं, मी काय म्हणालो होतो. मोठे डॉक्टर मला वाट्टेल ते बोलले, आणि माझ्या पाटीवरच्या दोन अक्षरांवरही घसरले. ते बरोबरच होतं. सर्जनसाहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘बाबू, मी मुद्दाम विचारलं होतं. दुसरे रस्ते होते. दंडाची कातडी घेतली असती. हात तोंडाला बांधून तीन आठवडे बसावं लागलं असतं, पण घेतली असती. तुमच्या एका ‘चालेल’वर मी सुरी चालवली.’’

मी दार उघडून धरलं.

साहेब चालत आले, डोक्यावर टोपी नाही, छत्री नाही. दरवाजाच्या सावलीत त्या दोघी बसल्या होत्या, तसे तेही दगडावर बसले. मी बोलायला पुढं झालो तर सासूनं मला हात दाखवून थांबवलं. तिला आमच्याकडची मराठी, झाडीबोली, येत होती, साहेबांना ती जेमतेम कळत होती, पण मधे मी नको, हे तिनं ठरवलं होतं. साहेबांनी खिशातलं पेन काढून स्वतःच्या तळव्यावर कपाळ काढलं. चंद्रकोर काढली, पाच ठिपके काढले. मग बोटानं दाखवलं. वरचे तीन ठिपके नाकावर गेले, ते आता नाकावरच राहणार, मागं येऊ शकत नाहीत. चंद्रकोर आणि खालचे दोन देठात आहेत. देठ नाकाकडून सोडवायचा, उलगडायचा, आणि परत भुवयांच्या मधे जिथला तिथं शिवायचा. थोडी वाकडी बसेल. पण बसेल.

तिनं विचारलं, ‘‘फेकशीन नाई?’’

‘‘नाही.’’

‘‘एकही?’’

‘‘एकही नाही,’’ साहेब म्हणाले. ‘‘तुझी सासू येऊ दे आत. माझ्या शेजारी उभी राहू दे.’’

मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या खोलीत म्हाताऱ्या बाईला घ्यायला साफ नकार दिला, आणि मग येऊ दिलं. तिला उकळलेलं फडकं तोंडाला बांधलं, पायात काही नव्हतं म्हणून पाय दोनदा धुवायला लावले. ती भिंतीला टेकून सबंध वेळ उभी होती. सिस्टर नंतर म्हणाली की बादलीत बोळा पडला की म्हातारी पुढं येऊन वाकून पाहायची, मग मागं जायची. साहेबांनी तिला एकदाही हटकलं नाही. देठ वळून वळून आतून घट्ट झाला होता, तो उलगडायलाच फार वेळ गेला.

टाके काढले त्या दिवशी मी वॉर्डात गेलो, पुढच्या दारानं. कुणी बोलावलं नव्हतं. आरसा या वेळी सिस्टरनंच दिला होता. नाक होतं. जाडसर, थोडं एका अंगाला झुकलेलं, पण नाक. दोन नाकपुड्या, त्यातून आत-बाहेर होणारा श्वास. आणि भुवयांच्या मधे चंद्रकोर, एक टोक खाली ओघळलेलं. वर दोन ठिपके. त्यानंतर कपाळाची ती फिकी, मांडीची कातडी. आणि उरलेले तीन ठिपके नाकाच्या दांडीवर, वरून खाली.

ती आरशात नाक पाहत नव्हती. बोट ठेवून ठेवून ती ठिपके पाहत होती, आणि सासू तिच्याबरोबर ओठ हलवत होती. मोठे डॉक्टर पायाशी उभे होते. ते मला हळूच म्हणाले, नाकाबद्दल काही म्हणते का विचारा. मी विचारलं नाही. मला विचारायचा अधिकार उरला नव्हता.

त्यानंतर त्या एका खाटेच्या दोन झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः अर्ज लिहिला. मी तो टाइप केला. त्यात त्यांनी लिहिलं होतं की जीव वाचवून माणसाला तोंडाविना घरी पाठवणं हे अर्धं काम आहे. अंगठ्याच्या कागदाचंही त्यांनी बदललं. माझ्याबरोबर आणखी एक माणूस, पेशंटच्या बाजूचा, उभा पाहिजे असं ठरलं. लोकांना वाटलं माझ्यावरचा भार कमी केला. का केलं ते आम्हा चौघा-पाचांनाच ठाऊक होतं.

पुढच्या साली मोहाच्या दिवसांनंतर धानोऱ्याच्या बाजारात ती दिसली. फडकं नव्हतं. टोपलीत मोह होता आणि एक माणूस वाकून, हातात घेऊन पाहत होता. तो एकदा मालाकडं बघायचा, एकदा तिच्या नाकावरच्या ठिपक्यांकडं. ती त्याला म्हणत होती की माल पाय, तोंड काय पायतो. सासू या वेळी नव्हती, थंडीत वारली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, बरी आहेस? तिनं मान हलवली. एवढ्यावर मी निघायला हवं होतं. पण वर्षभर जे पोटात होतं ते मला आवरेना. मी विचारलं, गोंदण असं इकडचं तिकडं झालं, ते चालेल का गं, तिकडं, तुझ्या माणसांना? ओळखतील ना?

तिनं माझ्याकडं पाहिलं. बाजारात पहिल्यांदा पाहिलं होतं तसंच, पण या वेळी मी मान फिरवली नाही.

‘‘सासूले सांगून ठेवलं मी,’’ ती म्हणाली. ‘‘ती पुढं गेली ना. माह्या मायले सांगजो म्हटलं, तीन ठिपके नाकावर हायत, कपाळावर शोधू नोको. आठवनीनं सांगन ती. तुह्यासारकी नाई.’’

मग तिनं त्या माणसासमोर मोह मापायला घेतला.